श्रद्धा आणि श्रवण

रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौलाने असे म्हटले आहे, की विश्वास उपजतो तो ऐकण्यातून, आणि ऐकणे घडते ते ख्रिस्ताच्या वचनामुळे. ज्या काळात ग्रंथ दुर्मीळ होते, वाचणारे थोडे होते आणि धर्माचा प्रसार सर्वस्वी मुखाने होत होता, त्या काळात हे विधान इतके उघड होते, की त्यावर अधिक विचार करावा असे कोणास वाटले नसेल. परंतु धर्मग्रंथांतील विधाने ज्या प्रसंगी उच्चारली जातात त्या प्रसंगापुरती राहत नाहीत, त्यांचे पुढे सिद्धांत होतात, सिद्धांतांचे नियम होतात, आणि मग त्या नियमांच्या दाराशी असा एखादा मनुष्य येऊन उभा राहतो, की ज्याचा विचार मूळ विधान करणाऱ्याच्या मनात आलेलाच नव्हता. जन्मापासून ज्याला ऐकू येत नाही तो मनुष्य ख्रिस्ती धर्माच्या दाराशी असाच येऊन उभा राहिला. श्रवणावाचून श्रद्धा नसेल, तर त्याच्या वाट्याला ती कोठून यावी? हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती लोकांचा आहे असेही नाही. आपल्याकडे नवविधा भक्तीचा आरंभ श्रवणानेच होतो, समर्थांच्या दासबोधातील चौथ्या दशकाचा पहिला समास श्रवणभक्तीचाच आहे, आणि कीर्तनाच्या मंडपात वडिलांच्या शेजारी बसलेल्या कर्णबधिर मुलाची अवस्था उपासनामंदिराच्या बाकावर बसलेल्या कर्णबधिर मुलाहून वेगळी नसते. मात्र ख्रिस्ती मंडळीने या प्रश्नावर लेखी निर्णय दिले, ते फिरवले आणि पुन्हा दिले. त्यामुळे तिच्या दप्तरात त्याचा माग काढता येतो.

प्रश्नाची कठोर मांडणी प्रथम आढळते ती ऑगस्टिनच्या लेखनात. ज्युलियन नामक प्रतिपक्ष्याशी जन्मजात पापाविषयी वाद करीत असता, अर्भके निष्पाप असतील तर त्यांतील काही आंधळी वा बहिरी का जन्मतात, असा सवाल त्याने केला, आणि त्या ओघात, बहिरेपण तर साक्षात विश्वासालाच आड येते असे म्हणून पौलाचे ते विधान साक्षीस काढले. वादाचा विषय पापाचा उगम हा होता, बहिऱ्यांचे तारण हा नव्हता. तरीही ओघात आलेले हे वाक्य पुढे स्वतंत्रपणे चालू लागले, आणि कर्णबधिरांना धर्म शिकविण्याचे श्रम ज्यांना घ्यावयाचे नव्हते त्यांना ते आयते सापडले. याच ऑगस्टिनने बाप्तिस्म्यानंतर लवकरच लिहिलेल्या दोन संवादग्रंथांकडे इतक्या उत्सुकतेने कोणी वळले नाही. त्यांपैकी एकात मिलान नगरातील एका देखण्या, सभ्य तरुणाचा उल्लेख आहे. तो बहिरा व मुका होता आणि हातवाऱ्यांनी बोलत असे. दुसऱ्यात आपला पुत्र अदेओदातस याच्याशी बोलताना ऑगस्टिन स्वच्छ मान्य करतो, की बहिरी माणसे खुणांनी प्रश्न विचारतात, उत्तरे देतात आणि शिकवितातसुद्धा. ज्याने हे डोळ्यांनी पाहिले होते, त्याच्याच एका वाक्याचा आधार घेऊन पुढील पिढ्यांनी दार लावून घेतले, ही गोष्ट मला खेदाची वाटते.

वास्तविक पौलाचेच पत्र आणखी एक ओळ पुढे वाचले असते तर हा अनर्थ टळता. विश्वास श्रवणाने होतो असे म्हटल्याबरोबर तो स्वतःच शंका काढतो, की मग त्या लोकांनी ऐकले नाही काय. आणि उत्तरादाखल तो एकोणिसाव्या स्तोत्राकडे वळतो. त्या स्तोत्रात आकाश देवाचा महिमा वर्णन करीत आहे, एक दिवस दुसऱ्या दिवसाला आणि एक रात्र दुसऱ्या रात्रीला ज्ञान सांगत आहे. पण तेथे वाचा नाही, शब्द नाहीत, कोणताही ध्वनी कानी पडत नाही, आणि तरी तो संदेश पृथ्वीच्या सीमेपर्यंत पोहोचलेला आहे. श्रवणाचे समर्थन करण्यासाठी पौलाने जो दाखला निवडला तो निःशब्द घोषणेचा आहे. त्याच्या मनातील श्रवण हे कर्णपटलावर आदळणाऱ्या नादापुरते असते, तर हा दाखला त्याच्याच विरुद्ध गेला असता. यहेज्केल संदेष्ट्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे: परमेश्वराने त्याची जीभ टाळूला चिकटविली, आणि मग त्या मुक्या संदेष्ट्याने विटेवर यरुशलेम नगरीचा आराखडा काढून, तिला वेढा घालून, एका कुशीवर पडून राहून आपल्या राष्ट्राला त्याचे भवितव्य सांगितले. भर्तृहरीसारख्या आपल्या वैयाकरणाने ध्वनीला केवळ अभिव्यंजक मानले आणि अर्थवाहक स्फोट त्याहून निराळा ठेवला. त्याच्या विचाराला हाताच्या हालचालींपर्यंत नेणे हे माझे धाडस आहे, परंतु अर्थ प्रकट करण्याचे काम कंठाने केले काय किंवा बोटांनी केले काय, प्रकट होणाऱ्या वस्तूला त्याने उणेपणा येत नाही, इतके मानण्यास त्याची हरकत असती असे वाटत नाही.

तत्त्वचिंतकांनी जेथे घोळ घातला तेथे व्यवहाराने, निदान विवाहाच्या बाबतीत, अधिक शहाणपण दाखविले. विवाहाला उभय पक्षांची संमती लागते आणि संमती उच्चारावी लागते. मग ज्याला उच्चार नाही त्याचे लग्न लागावे की नाही? 1198 साली तिसरा इनोसंट या पोपपुढे हा प्रश्न आला, तेव्हा त्याने असा फैसला दिला, की जे शब्दांनी सांगता येत नाही ते खुणांनी सांगण्यास मुभा आहे, आणि बहिऱ्या-मुक्याचा विवाह ग्राह्य आहे. या न्यायाने पुढे काय घडू शकले त्याचा एक अपूर्व दस्तऐवज इंग्लंडातील लेस्टर येथील सेंट मार्टिन चर्चच्या नोंदवहीत आहे. 1576 सालच्या फेब्रुवारीत थॉमस टिल्सी नावाच्या बहिऱ्या व मुक्या तरुणाचा उर्सुला नावाच्या स्त्रीशी तेथे विवाह झाला. धर्माधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घेण्यात आली, आणि वराने शपथेऐवजी ज्या खुणा केल्या त्या लेखनिकाने एकामागून एक लिहून ठेवल्या. त्याने वधूला आलिंगन दिले, तिचा हात हाती घेतला, बोटात अंगठी घातली, आपला हात आपल्या हृदयावर आणि मग तिच्या हृदयावर ठेवला, आणि दोन्ही हात आकाशाकडे उचलले. राहता राहिला शपथेतील सर्वांत कठीण भाग, मरणापर्यंत सोबत राहण्याचा. तो त्याने असा सांगितला: हातांनी स्वतःचे डोळे मिटले, पायाने माती उकरली, आणि घंटेची दोरी ओढल्यासारखे केले.

या नोंदीपाशी मी पुनःपुन्हा थांबतो. प्रार्थनापुस्तकात छापलेली शपथ उच्चारणारे हजारो वर त्या शतकात होऊन गेले असतील, आणि त्यांतील कित्येकांनी पाठ केलेले शब्द अर्थाकडे लक्ष न देता म्हटले असतील. या मनुष्याला मात्र प्रत्येक पद आपल्या देहातून घडवावे लागले. मरण म्हणजे काय, हे त्याने मिटलेल्या डोळ्यांनी, उकरलेल्या मातीने आणि अंत्यविधीच्या घंटेने सांगितले. त्या घंटेचा नाद त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता, पण तिची दोरी ओढणारा घंटावाला आणि मागून येणारी शवयात्रा त्याने पाहिलेली होती. ज्याने ही शपथ रचली त्याला विश्वास म्हणजे काय हे कळत नव्हते, असे कोणता धर्मशास्त्रज्ञ म्हणू शकेल? आणि त्या अनामिक लेखनिकाचेही ऋण मानले पाहिजे. विवाह झाला इतकेच लिहून त्याला वही मिटता आली असती.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये हा विषय एका व्यक्तीच्या हाती आला आणि त्याला शाळेचे रूप मिळाले. शार्ल-मिशेल द लेपे हा धर्मगुरू जान्सेनपंथाशी असलेल्या सहानुभूतीमुळे वरिष्ठांच्या मर्जीतून उतरलेला होता. 1760 च्या सुमारास तो एका घरी गेला असता दोन जुळ्या बहिणी शिवणकाम करीत बसलेल्या त्याला दिसल्या. तो बोलला, पण त्यांनी मान वर केली नाही. आई आल्यावर उलगडा झाला, की मुली बहिऱ्या आहेत, आणि संतांची चित्रे दाखवून त्यांना धर्म शिकविणारा पाद्री नुकताच वारला आहे. या मुली देवाला न ओळखता जगतील आणि मरतील, ही कल्पना द लेपेला असह्य झाली. त्याने त्यांना शिकविण्याचे पत्करले, आणि पुढे त्याच्या घरी बहिऱ्या मुलांची शाळाच भरू लागली. तो फी घेत नसे. त्याचे खरे मोठेपण मात्र निराळ्याच गोष्टीत आहे. आपली भाषा या मुलांवर लादण्यापूर्वी त्यांच्यात आधीच एक भाषा आहे हे त्याने ओळखले आणि तो तिचा विद्यार्थी झाला. पुढे तिच्यावर फ्रेंच व्याकरणाचे साज चढविण्याचा खटाटोप त्याने केला, तो फारसा टिकला नाही; परंतु शिक्षकाने शिष्याकडे जावे, ही त्याने घातलेली वाट टिकली. तीच परंपरा लोराँ क्लेर या कर्णबधिर शिक्षकाच्या रूपाने थॉमस हॉपकिन्स गॅलोडेट या धर्मोपदेशकाबरोबर अमेरिकेस गेली, आणि 1817 साली हार्टफर्ड येथे शाळा उघडली.

ज्या मिलानमध्ये ऑगस्टिनने तो खुणांनी बोलणारा तरुण पाहिला, त्याच मिलानमध्ये 1880 च्या सप्टेंबरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने खुणांना शाळेतून हद्दपार करणारा ठराव संमत केला. अध्यक्ष ज्युलिओ तारा हे स्वतः धर्मगुरू होते, आणि मुखाने उच्चारलेला शब्द हाच आत्म्याला शोभणारा व देवाने दिलेला, अशी त्यांची निष्ठा होती. दीडशेहून अधिक प्रतिनिधींत कर्णबधिर मनुष्य एकच होता. या ठरावाने अनेक देशांतील कर्णबधिर मुलांची दोन-तीन पिढ्यांची शाळकरी वर्षे ओठ वाचण्याच्या आणि न ऐकलेला आवाज काढण्याच्या सरावात खर्ची पडली. हेतू दुष्ट नव्हता, हे मी जाणतो. परंतु ज्यांनी शब्दाला देवाची देणगी म्हटले त्यांनीच दुसऱ्यांच्या हातातील शब्द काढून घेतला, आणि या अन्यायात धर्मश्रद्धेने भर घातली, हे स्वच्छ लिहिले पाहिजे.

कर्णबधिरांची मंडळी जेथे आपल्या भाषेत उपासना करते तेथे जाऊन पाहणाऱ्याला काही गोष्टी नव्याने कळतात. पहिली ही, की तेथे प्रार्थना उघड्या डोळ्यांनी होते. मस्तक लववून डोळे मिटावेत, हा आपला शिरस्ता. पण ज्याची प्रार्थना हातांवर चालली आहे त्याने डोळे मिटले तर तो प्रार्थनेबाहेर पडला. सारी मंडळी एकमेकांकडे आणि प्रार्थना करणाऱ्याकडे पाहत देवाशी बोलत असते, आणि एकांत म्हणजेच भक्ती या आपल्या समजुतीला तेथे मोठा धक्का बसतो. प्रकाशाची तजवीज ही तेथे उपासनेची पहिली अट असते. उपदेशक खिडकीकडे पाठ करून उभा राहिला तर त्याचे हात काळोखात जातात, आणि नाताळच्या रात्री दिवे मालवून मेणबत्त्या लावल्या तर ऐकणाऱ्यांना रम्य वाटणारा तो मंद प्रकाश कर्णबधिरांचे सगळे संभाषणच बंद पाडतो. सरळ रांगांपेक्षा अर्धवर्तुळाकार बैठक बरी, कारण मागे बसलेल्यालाही उत्तर द्यायचे असते.

पापकबुलीचा प्रश्न तर याहून नाजूक. जाळीआड बसलेल्या धर्मगुरूच्या कानात कुजबुजण्याची सोय ज्याला नाही त्याचे हात दुरूनही वाचता येतात, म्हणून त्याला बंद दाराची, पण भरपूर उजेडाची खोली लागते. कॅथलिक धर्मसंहितेने दुभाष्यामार्फत पापकबुली देण्यास मुभा ठेवली आहे आणि त्या दुभाष्यावरही गुप्ततेचे बंधन घातले आहे. नियम दयाळू आहे. तरीपण आपल्या जिवाची लाज तिसऱ्या मनुष्यापुढे उघडी करावी लागणे हे मोठे ओझे आहे, आणि ते उतरविण्याचा सरळ मार्ग एकच, की धर्मगुरूने स्वतः ती भाषा शिकावी.

येथे मार्काच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायाचा विचार टाळता येत नाही, कारण कर्णबधिरांपुढे जो तो उपदेशक तोच अध्याय उघडतो. दकापलीस प्रांतात लोकांनी एका बहिऱ्या, तोतऱ्या मनुष्याला येशूकडे आणले आणि येशूने त्याला बरे केले. या कथेच्या बळावर आरोग्यसभांतून कर्णबधिर मुलांच्या कानांवर हात ठेवले जातात, आणि ऐकू आले नाही की दोष मुलाच्या किंवा आईबापांच्या विश्वासाला लावला जातो. चमत्कारावर श्रद्धा ठेवणाऱ्यांशी माझा वाद नाही. कथा काळजीपूर्वक वाचावी, एवढीच विनंती आहे. येशू त्या मनुष्याला गर्दीतून बाजूला घेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, त्याच्या जिभेला स्पर्श करतो, आकाशाकडे पाहतो आणि उसासा टाकतो. इतर कितीएकांना त्याने केवळ शब्दाने बरे केले. या एकाशी तो आधी हातांनी, डोळ्यांनी आणि श्वासाने बोलला, म्हणजे जे त्या मनुष्याला समजेल त्याने बोलला. बरे करण्याचे सामर्थ्य आपल्यात नसेल, पण बाजूला घेऊन त्याच्या भाषेत बोलणे आपल्या आवाक्यातले आहे. कथेचा हा पूर्वार्ध वगळून उत्तरार्धाचा गजर करणाऱ्या सभा कर्णबधिरांना आजारी ठरवून घरी पाठवितात.

आणि आता या विषयाच्या गाभ्याशी येतो. कर्णबधिरांना धर्म शिकवावा, हे पुष्कळांनी मान्य केले. कर्णबधिराने धर्म शिकवावा, हे मान्य होण्यास फार काळ लागला. न्यूयॉर्कमध्ये 1852 साली, हार्टफर्डच्या गॅलोडेटांचा मुलगा थॉमस याने कर्णबधिरांसाठी सेंट ॲन्स ही मंडळी स्थापली, पण तो स्वतः ऐकणारा होता. हेन्री विंटर साइल या कर्णबधिर विद्वानाला 1876 साली एपिस्कोपल मंडळीत दीक्षा मिळाली तेव्हा, एका इंद्रियाने उणा असलेला मनुष्य या पदास पात्र नाही, असा आक्षेप घेण्यात आला होता. पेनसिल्व्हेनियाचे बिशप स्टीव्हन्स यांनी तो मानला नाही. कॅथलिक मंडळीपुढे अडचण अधिक खोल होती, कारण मिस्साच्या वेळी जे शब्द उच्चारल्याने संस्कार सिद्ध होतो ते शब्द हातांनी उच्चारले तर चालतील काय, असा तो पेच होता, आणि 1917 च्या धर्मसंहितेत शारीरिक व्यंगाला दीक्षेतील अडथळा मानलेले होते. 1965 साली उपासनेत खुणांच्या भाषेस परवानगी मिळाली, 1977 साली जन्मतः कर्णबधिर असलेले थॉमस कॉफलिन अमेरिकेत धर्मगुरू झाले, 1983 च्या संहितेतून शारीरिक व्यंगाचा अडथळा गळला, 2007 साली कोरियात मिन सिओ पार्क यांना दीक्षा मिळाली, आणि भारतात 2 मे 2024 रोजी केरळातील त्रिशूर येथे पवित्र क्रूस संघाचे जोसेफ तेर्मडम या कर्णबधिर तरुणाला गुरुदीक्षा देण्यात आली. पौलाच्या त्या वाक्याचा फेरविचार करण्यास मंडळीला किती शतके लागली, हे या तारखाच सांगतात.

अँड्र्यू फॉस्टर यांचे चरित्र या संदर्भात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अलाबामातील या कृष्णवर्णीय मुलाची श्रवणशक्ती अकराव्या वर्षी मस्तिष्कज्वराने गेली. 1954 साली ते कर्णबधिरांसाठी असलेल्या गॅलोडेट कॉलेजचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर झाले, आणि 1957 साली मिशनरी म्हणून घानात गेले. पुढील तीस वर्षांत आफ्रिकेतील तेरा देशांत त्यांनी तीसहून अधिक शाळा काढल्या, आणि शाळेबरोबर बहुधा उपासनाही सुरू केली. 1987 साली रुआंडात विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ज्या गावी कर्णबधिर मूल म्हणजे घराण्याला लागलेला शाप समजत, त्या गावी एक शिकलेला कर्णबधिर मनुष्य येऊन फळ्यासमोर उभा राहिला, हाच तेथील पहिला उपदेश होता. त्यांच्या कार्यावर एक आक्षेप घेतला जातो व तो खरा आहे: त्यांनी अमेरिकन खुणा नेल्या आणि त्यांच्या ओझ्याखाली काही स्थानिक खुणा दबल्या. परोपकार करणाऱ्यानेही दुसऱ्याच्या अंगणातली भाषा आधी पाहावी, हे द लेपेचे शहाणपण तेथे अपुरे पडले.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीला हे शहाणपण परके नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात ख्रिस्ताची कथा लिहिली ती लॅटिनमध्ये नव्हे, मराठी ओवीत; 1616 साली क्रिस्तपुराण छापले गेले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात राहून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणले, कारण त्यांच्या आश्रयास आलेल्या साध्यासुध्या बायकांना ते कळावे, हीच त्यांची तळमळ होती. भारतातील कर्णबधिरांची पहिली शाळाही मुंबईतच, 1880 च्या दशकात, कॅथलिक धर्माध्यक्ष लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने निघाली. ज्या मंडळीच्या मागे असा वारसा आहे तिने आपल्या कर्णबधिर सभासदाला आईच्या शेजारी बसवून, काय झाले ते घरी गेल्यावर सांगेन, या आश्वासनावर वर्षानुवर्षे थांबवून ठेवावे, हे तिला शोभत नाही. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली भाषा आहे, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेचा समावेश केला आहे. सरकारी दप्तराला जे उमगले ते उपदेशपीठाला उमगू नये, याला कारण नाही.

कोपऱ्यात एक दुभाषी उभा केला म्हणजे कर्तव्य संपले, असेही पाळकांनी समजू नये. दुभाषी हवाच, पण त्याच्याकडून आलेले वचन हे दुसऱ्यांना केलेल्या उपदेशाचे भाषांतर असते. कर्णबधिरांना उद्देशून, त्यांच्या भाषेत, त्यांच्यातल्याच कोणी तरी केलेला उपदेश ही निराळी वस्तू आहे. म्हणून माझी प्रत्येक मंडळीच्या पाळकांना आणि पंचांना विनंती अशी आहे, की त्यांनी आपल्या नोंदवहीत कर्णबधिर सभासद किती आहेत ते आधी पाहावे, त्यांच्या घरी जावे, त्यांच्याकडून त्यांची भाषा शिकण्यास आरंभ करावा, आणि त्यांच्यापैकी ज्याला बोलावयाचे असेल त्याला येत्या वर्षात एका रविवारी, पुरेशा उजेडात, उपदेशपीठावर उभे करावे.